पासपोर्टवर नाव एक, व्हिसावर दुसरेच

आमच्या खालाजान वडशाला राहतात. वय सत्तरीच्या आसपास. धाकटा मुलगा शारजाला नोकरीला, त्याला पहिले मूल झाले आणि खालांनी ठरवले की नातवाचे तोंड बघायला जायचे. पासपोर्ट हजच्या इच्छेने आधीच काढून ठेवलेला होता. एका टूर्सवाल्याकडे पासपोर्टची झेरॉक्स आणि दोन फोटो दिले. आठवड्यात व्हिसा मोबाइलवर आला. सगळ्या खानदानाने तो पाहिला, मुबारकबाद दिली. वाचला मात्र कोणीच नाही.

नागपूर विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने तो वाचला. पासपोर्टमध्ये खालांचे पूर्ण नाव एकाच रकान्यात होते आणि आडनावाचा रकाना रिकामा होता. व्हिसावर मात्र त्यांच्या नावातला 'बी' हा शब्द तोडून आडनाव म्हणून टाकला होता. मुलीने अदबीने सांगितले, "आजी, यावर तुम्हाला बसवता येणार नाही." आम्ही दोघे सोबत सोडायला गेलो होतो. तिकीट बुडाले, व्हिसाचे पैसे बुडाले. डिंकाचे लाडू आणि बाळासाठी हाताने शिवलेली गोधडी घेऊन खाला परत गाडीत बसल्या. उमरेड मागे पडेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बेटा, मला वाचता येत नाही हे खरं. पण मला माझं नाव तरी कोणी विचारायचं होतं."

हे वाक्य आम्हाला टोचले. कारण टूर्सवाल्याची चूक होतीच, पण त्याआधी आमची होती. घरात दोघे शिकलेले असून आम्ही तो कागद तपासला नाही. म्हणून हा लेख. ई-व्हिसा म्हणजे काय, तो कसा भरावा, हे यात आहे. पण मुख्य गोष्ट नावाची आहे. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या आपल्या घरांमध्ये सर्वांत जास्त घोटाळा तिथेच होतो.

आपल्याकडची नावे

कोकणातल्या मुस्लिम घरांत मुकादम, परकार, देशमुख अशी आडनावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. विदर्भात तसे नाही. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर नाव असते ते असे : शेख रशीद शेख करीम. म्हणजे मुलाचे नाव, मग बापाचे नाव, आणि दोघांच्या आधी शेख, सय्यद किंवा मोहम्मद. जुन्या कागदांत मध्ये 'वल्द' असायचे. बायकांच्या नावामागे बी, बानो, बेगम, खातून. यात आडनाव कुठले? आपल्याला कधी प्रश्न पडला नाही, कारण मोहल्ल्यात, शाळेत, तहसीलमध्ये सगळ्यांना ही पद्धत माहीत आहे.

इंग्रजी फॉर्मला ती माहीत नाही. त्याला दोनच रकाने ठाऊक : आडनाव आणि दिलेले नाव. मग आधार काढणाऱ्याने एक तऱ्हा केली, पॅनकार्डवाल्याने दुसरी, पासपोर्टचा फॉर्म भरणाऱ्याने तिसरी. कुणाचे 'शेख' आडनाव झाले, कुणाचे बापाचे नाव आडनाव झाले, आणि कुणाचा रकाना रिकामाच राहिला. शेखचे स्पेलिंगही एकाच घरात तीन प्रकारचे सापडते. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे चार अक्षरांत उरकलेला.

भारतात यावर निभावून जाते. परदेशी सीमेवर निभत नाही. संयुक्त अरब अमिरातींनी 21 नोव्हेंबर 2022 पासून नियम केला की पासपोर्टवर एकच नाव असेल, म्हणजे नाव किंवा आडनाव यांपैकी एक रकाना कोरा असेल, तर पर्यटक किंवा भेटीच्या व्हिसावर प्रवेश मिळणार नाही. विमान कंपन्यांनी तसे एजंटांना कळवले. पुढे त्यात थोडी ढील आली आणि पासपोर्टच्या शेवटच्या पानावरचे वडिलांचे किंवा घराण्याचे नाव काही प्रवाशांसाठी चालवून घेतले गेले. पण असे नियम बदलत राहतात. तिकिटाआधी विमान कंपनीला विचारून घेणे हाच शहाणपणा. आमच्या खालांच्या बाबतीत टूर्सवाल्याने बहुधा हाच अडसर चुकवायला 'बी' तोडून आडनाव केले होते. पळवाट काढली आणि तिथेच गाडी अडली.

पासपोर्टचे पान आधी वाचा

व्हिसाच्या फॉर्मवर हात ठेवण्यापूर्वी पासपोर्ट उघडा. फोटोच्या पानाच्या तळाशी दोन लांब ओळी असतात, प्रत्येकी 44 खुणांच्या. त्या यंत्राने वाचायच्या असतात, पण आपणही वाचू शकतो. पहिल्या ओळीत भारताची तीन अक्षरे, त्यानंतर आडनाव, मग दोन बाणासारख्या खुणा, मग नाव. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर नावच आडनावाच्या जागी येऊन बसते. विमानतळावरचे यंत्र हीच ओळ वाचते. म्हणून आपल्याला घरात काय म्हणतात, आधारवर काय आहे, निकाहनाम्यात काय आहे, यांपैकी काहीही व्हिसाच्या फॉर्ममध्ये घालायचे नाही. पासपोर्टवर जे अक्षर आहे तेच, तिथे दोन शब्दांत जागा सोडली असेल तर जागाही तशीच.

आडनाव कोरे असेल तर काय करायचे, हे त्या त्या देशाच्या फॉर्मच्या सूचनेत लिहिलेले असते. कुठे एकच नाव दोन्ही रकान्यांत लिहायला सांगतात, कुठे रकाना मोकळा ठेवायला. ती सूचना वाचावी. अंदाजाने नाव तोडू नये.

आणि घरात कुणाला वरचेवर परदेशी जायचे असेल, तर पासपोर्टच नीट करून घेणे बरे. आपले दोन्ही जिल्हे नागपूरच्या पासपोर्ट कचेरीच्या हद्दीत येतात. नावातली नोंद बदलायची तर जुन्या पासपोर्टवर खाडाखोड होत नाही, नवा पासपोर्टच घ्यावा लागतो. 36 पानांच्या पासपोर्टची साधी फी 1500 रुपये, तत्काळला आणखी 2000. त्याआधी आधार, पॅन आणि शाळेचा दाखला एकाच स्पेलिंगवर आणावेत, नाहीतर कचेरीतून परत यावे लागते. वडशाहून किंवा अहेरीहून नागपूरची एक फेरी म्हणजे अख्खा दिवस आणि रोजी, हे आपल्याला सांगायला नको.

जन्मगावाचाही असाच पेच आहे. आपल्या वडीलधाऱ्यांचा जन्म झाला तेव्हा जिल्ह्याचे नाव चांदा होते. ते चंद्रपूर झाले साठच्या दशकात. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला 26 ऑगस्ट 1982 ला. त्यामुळे अहेरीत जन्मलेल्या तीन भावांच्या कागदांवर चांदा, चंद्रपूर आणि गडचिरोली असे तीन जिल्हे सापडू शकतात. तिघेही खरे आहेत. फॉर्ममध्ये मात्र ज्याच्या पासपोर्टवर जे आहे तेच लिहायचे.

ई-व्हिसा म्हणजे काय

पूर्वी पासपोर्ट मुंबई-दिल्लीच्या वकिलातीत जायचा आणि त्यावर शिक्का किंवा चिकटपट्टी होऊन परत यायचा. ई-व्हिसात पासपोर्ट घरीच राहतो. फॉर्म ऑनलाइन भरायचा, फोटो आणि पासपोर्टच्या पानाची प्रत जोडायची, कार्डाने फी भरायची. मंजुरी ई-मेलवर येते. तिची प्रिंट काढून सोबत ठेवायची.

प्रत्येक देशाचे वेगळे. उझबेकिस्तानने जुलै 2018 मध्ये ई-व्हिसा सुरू केला आणि तो भारतीयांना मिळतो. एकदा प्रवेशाची फी 20 डॉलर, मुक्काम 30 दिवसांपर्यंत, निकाल साधारण कामाच्या तीन दिवसांत. इमाम बुखारी यांचा जन्म सन 810 मध्ये बुखाऱ्यात झाला आणि 870 मध्ये समरकंदजवळ त्यांचा इंतकाल झाला. त्यांच्या मजारीची जियारत करायला आता आपल्या भागातूनही लोक जाऊ लागले आहेत. मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना थोड्या दिवसांच्या भेटीसाठी व्हिसाच माफ केला. फक्त पोचण्याच्या तीन दिवस आधीपासून एक ऑनलाइन आगमन-कार्ड भरायचे असते, आणि ते फुकट आहे. तरीही त्याचे पैसे घेणारे बसलेले आहेत.

सौदी अरेबियाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. सौदीने 27 सप्टेंबर 2019 ला 49 देशांच्या लोकांसाठी पर्यटक ई-व्हिसा खुला केला. त्या यादीत भारत नव्हता. ज्या भारतीयांकडे अमेरिका, ब्रिटन किंवा युरोपच्या शेंगेन देशांचा चालू आणि एकदा वापरलेला व्हिसा आहे, किंवा जे आखाती देशांत राहतात, त्यांना ही वाट मिळते. शारजात राहणारा आमच्या खालांचा मुलगा असा ई-व्हिसा काढू शकतो. वडशात राहणाऱ्या खाला तेवढ्यावर काढू शकत नाहीत. पर्यटक व्हिसावर हजचे दिवस सोडून उमरा करता येतो. हज मात्र करता येत नाही. स्वस्तात हज घडवतो म्हणून पर्यटक व्हिसा हातात देणारा माणूस आपल्याला कुठे नेऊन सोडतो, ते जून 2024 मध्ये दिसले. त्या वर्षी हजमध्ये भीषण उन्हात 1301 जणांचा मृत्यू झाला, आणि त्यांतले 83 टक्के विनापरवाना आलेले होते, असे सौदी सरकारने जाहीर केले. परवाना नसलेल्याला तंबू नाही, थंड बस नाही. अल्लाह त्यांची मगफिरत करो. पण त्यांच्यातल्या कितीतरी साध्या माणसांनी आपल्या कागदावर काय लिहिले आहे हे कुणाला विचारलेही नसेल, असे राहून राहून वाटते.

फॉर्मसमोर बसताना

वेबसाइट सरकारी आहे का ते आधी बघा. बऱ्याच देशांच्या सरकारी पत्त्यात 'जीओव्ही' ही अक्षरे आणि देशाची दोन अक्षरे असतात. उझबेकिस्तान, अझरबैजान, व्हिएतनाम, तुर्कस्तान या सगळ्यांचे तसे आहे. मोबाइलवर शोधले की सर्वांत वर जाहिरात दिसते. हुबेहूब सरकारी वाटणारी ती साइट अनेकदा दलालाची असते आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेते.

ई-मेल आपला द्या. ऑनलाइन सेंटरवाला किंवा टूर्सवाला घाईत स्वतःचा टाकतो. मग दुरुस्तीचा निरोप त्याला येतो, आपल्याला नाही. त्याचे दुकान बंद असेल तर आपण अंधारात. सिरोंचा, भामरागडकडे जिथे नेटवर्क येते-जाते, तिथल्या घरांनी चंद्रपूरच्या किंवा गडचिरोलीच्या एखाद्या भरवशाच्या नातेवाइकाकडे बसूनच फॉर्म भरावा. ओटीपी यायला उशीर झाला की भरलेले सारे पुसले जाते.

कार्डाने फी जात नसेल तर घाबरू नका. मार्च 2020 पासून नवी कार्डे मुळात देशातल्याच वापरासाठी चालू असतात. बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत जाऊन परदेशी व्यवहार चालू करावा लागतो. फी भरली की तो पुन्हा बंद करा.

तारखेचा क्रम बघा. कुठे दिवस आधी, कुठे महिना. 5 जुलैचे 7 मे व्हायला वेळ लागत नाही. पासपोर्ट नंबरात शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांची गल्लत होते. आमच्या घरातल्या सगळ्या पासपोर्टांवर आधी एक अक्षर आणि मग सात आकडे आहेत, म्हणजे मधे गोल दिसले तर ते शून्य. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक असावी. तान्ह्या बाळालाही वेगळा पासपोर्ट आणि वेगळा व्हिसा लागतो.

आपल्या आया-बहिणी फोटोबद्दल विचारतात. डोक्यावर ओढणी किंवा हिजाब सहसा चालतो. कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा उघडा, सावली न पडलेला आणि मागे पांढरा पडदा हवा. नकाब चालत नाही. पांढऱ्या पडद्यावर पांढरी ओढणी घेऊ नये, चेहऱ्याची कड दिसत नाही आणि फोटो परत येतो.

आणि खरे लिहा. पूर्वी व्हिसा नाकारला होता का, असे विचारले तर नाकारला असल्यास हो लिहा. कशासाठी जाता, या प्रश्नाला पर्यटन लिहून नोकरीला जाऊ नका. बल्लारपूर-राजुऱ्याकडची आपली पोरे हल्ली याच मार्गाने नेली जातात. एजंट म्हणतो, आधी पर्यटक व्हिसावर चला, तिथे बदलून देतो. तिथे पोचल्यावर पगार नाही, कागद नाही, आणि तक्रार करावी तर आपणच खोटे लिहून आलेलो. ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआरची नोंद आहे, म्हणजे बहुतेक दहावी न झालेली मुले, त्यांना नोकरीसाठी आखाती देशांसह 18 देशांत जायचे तर सरकारची एमिग्रेशन मंजुरी घ्यावी लागते. ती नोंदणीकृत एजंटमार्फत होते आणि एजंटला 30,000 रुपये व त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त मेहनताना घेता येत नाही. लाख-दीड लाख मागणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारा. तो विषय बदलतो की नाही बघा.

लिहिणारा आणि सांगणारा

परत आल्यावर आम्ही खालांचा पासपोर्ट नव्याने काढून घेतला. दाखला नव्हता, त्यामुळे आधी आधार नीट केले, मग बाकीचे. पाच महिने गेले. या काळात एकदा मशिदीतल्या दर्समध्ये मौलवी साहेबांनी सूरह बकराची 282 वी आयत समजावून सांगितली. कुरआन शरीफमधली ही सर्वांत लांब आयत, आणि ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, पण मजकूर सांगावा तो ज्याच्यावर जबाबदारी येणार आहे त्याने. आणि त्याला स्वतःला सांगता येत नसेल, तर त्याच्या वलीने त्याच्या वतीने न्यायाने सांगावा. आयत उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण ती ऐकताना आमच्या डोळ्यांसमोर नागपूरचे ते काउंटर उभे राहिले. व्हिसाच्या फॉर्मच्या शेवटी एक चौकोन असतो : वरील माहिती खरी आहे, असे मी जाहीर करतो. खालांच्या नावाने त्या चौकोनात खूण कोणी केली? एका अनोळखी माणसाने. सांगणारा कोणी नव्हताच, नुसता लिहिणारा होता.

दुसऱ्यांदा फॉर्म भरला तेव्हा खालांना आम्ही चंद्रपूरला घरी आणले. मगरीब झाल्यावर तिघे जेवणाच्या टेबलाशी बसलो. एक जण लॅपटॉपवर, एक जण हातात पासपोर्ट घेऊन, आणि खाला मध्ये. प्रत्येक रकाना मोठ्याने वाचायचा, मराठीत अर्थ सांगायचा, खालांनी उत्तर द्यायचे, मग ते पासपोर्टशी अक्षर-अक्षर जुळवायचे आणि मगच लिहायचे. आईचे नाव विचारले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प झाल्या. म्हणाल्या, "हे नाव मी किती वर्षांनी घेतलं!" सगळे भरून झाल्यावर लगेच बटण दाबले नाही. रात्रभर राहू दिले. फजरनंतर ताज्या डोळ्यांनी पुन्हा एकदा वाचले. तेव्हा एक चूक सापडली. पासपोर्ट दिल्याची तारीख आम्ही जुन्या पासपोर्टची टाकली होती. दोन शिकलेल्या माणसांनी.

व्हिसा आला तोही असाच वाचला. नाव, नंबर, जन्मतारीख, किती दिवस, कुठपर्यंत वापरायचा. एक प्रिंट खालांच्या पर्समध्ये, एक सामानात, एक आमच्याकडे.

या वेळी काउंटरवर दुसरा मुलगा होता. त्याने पासपोर्ट पाहिला, कागद पाहिला, आणि सवयीने विचारले, "आजी, नाव?" खालांनी आधी नाव सांगितले, मग थांबून आडनाव. आणि मग आपणहून पुढे बोटाने दाखवून म्हणाल्या, "इथे पण तेच लिहिलंय, बघून घे बेटा." गोधडी हातातल्या पिशवीत होती. बाळ आता रांगायला लागले होते, पण खालांनी ती बदलली नाही.